अलास्काची पूर्वतयारी

५ नोव्हेंबर, सकाळी ७

निर्णय पक्का. येत्या उन्हाळ्यात अलास्का.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे शोधाशोध नको. परवा भाऊबीज झाली. माझा एकुलता एक धाकटा भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे माझ्या घरी ओवाळणं नाही. पण मधल्या भिंतीपलीकडे त्याची बायको यमुना, मुलगा बाबू, सून नम्रता आणि नात सानवी यांच्याकडे दिवसभर जत्रा. टीव्ही, मिक्सर, लवंगी फटाके, तळलेल्या सुरमईचा वास. सात वेळा कुणी ना कुणी दाराशी येऊन 'आत्या, जेवायला या' म्हणून गेलं. सातव्यांदा गेले. नाइलाजाने.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक मोठा पांढरा तुकडा, त्यावर गावांची नावंच नाहीत. सिस्टर म्हणाल्या होत्या, नोबडी लिव्ह्ज देअर, गर्ल्स. बाकीच्या मुली हसल्या. मला ती जागा तेव्हाच आवडली.

अख्ख्या अलास्कात माणसं सव्वासात लाख. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. आणि जागा महाराष्ट्राच्या पाचपट. म्हणजे प्रत्येकाला भिंत स्वतंत्र.

मी एकटी जाणार. ट्रेन, बस, जंगल, डोंगर, अस्वल. मे महिना धरला आहे.

संकल्प: रोज रत्नदुर्गाच्या दीपगृहापर्यंत चालणे. भात बंद. निघेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही.

६ नोव्हेंबर

यमुनेला सांगितलं. नम्रताला. पेपरवाल्यालाही, कारण त्याला मे महिन्याचं आधी कळलेलं बरं.

यमुनेने मासे कापता कापता विचारलं, "तिकडे आपलं कोण आहे?" म्हटलं, कुणी नाही. "मग कुणाकडे जाताय?" कुणाकडे नाही. "मग कशाला?" चौथी शिकलेल्या बाईला निसर्ग कसा समजावायचा? म्हटलं, बघायला. ती म्हणाली, "अगो बाय," आणि कोळंबी सोलायला घेतली.

चालणं उद्यापासून. आज गुडघा.

१४ नोव्हेंबर

चालले. दीपगृहापर्यंत नाही, वळणावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत. चढ तोच आहे, फक्त थोडा आधी संपतो.

२१ नोव्हेंबर

एसटी स्टँडजवळ हेतलचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. तिसरी पिढी रत्नागिरीत, मराठी आमच्यापेक्षा बरं. तिच्यासमोर माझा आराखडा ठेवला. तिने शेवटपर्यंत वाचला, ही तिची सभ्यता. मग म्हणाली, "मॅडम, मे महिन्यात तिथे आत जायचे रस्ते उघडलेले नसतात. बर्फ असतो. तिकडचा उन्हाळा जून ते ऑगस्ट."

मी म्हटलं, उन्हाळा म्हणजे मे. आंबा उतरला की उन्हाळा संपला, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. ती म्हणाली, "पण तिकडे आंबा नाही ना मॅडम."

सगळा देश सुट्टीच्या दिवसांत रस्ते बंद ठेवतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. माझ्या तीन कलमांचा आंबा एप्रिल अखेरीस उतरवा, असं बाबूला बजावून झालं आहे. आता त्याच्यापुढे जाऊन शब्द फिरवायचा. मी फिरवणार नाही. आंबा लवकर उतरवलेलाच बरा असतो.

शिवाय हेतलच्या मते एकटीने जाणं जमणार नाही, कारण तिथे गाडी चालवावी लागते. मला गाडी येत नाही ही अडचण नाही; मला शिकवणारं कुणी लायक भेटलं नाही.

तिने ग्रुप टूरचा कागद दिला. चोवीस माणसं, तेरा दिवस, 'सोबत महाराष्ट्रीय स्वयंपाकी'. मी कागद तसाच परत सरकवला.

२४ नोव्हेंबर

कागद आणला. नुसता वाचायला.

२ डिसेंबर

ग्रुप टूर. पण तात्पुरती सोय म्हणून. तिथे पोचल्यावर मी माझी वेगळी राहीन. निघायची तारीख वीस जून.

एक तांत्रिक बाब. खोल्या दोघींना मिळून आहेत. सोबत कुणीतरी हवी, नाहीतर कंपनी कुणालाही गळ्यात मारेल. राजश्रीला फोन केला. शाळेपासूनची मैत्रीण, तीसुद्धा त्या नकाशाखालीच बसायची. ती म्हणाली, जूनमध्ये मुलीची डिलिव्हरी आहे. पुढे म्हणाली, "गुणे, तुझं बरं आहे बाई, तुला कुणाचं काही नाही." तिला वाटलं ती माझं कौतुक करते आहे. मलाही तसंच वाटलं, फोन ठेवेपर्यंत.

५ डिसेंबर

यमुना येते आहे.

मी तिला विचारलं नव्हतं. दोन घरांमधल्या नळावर मी राजश्रीबद्दल सर्वसाधारण तक्रार करत होते. ती म्हणाली, "जून-जुलै ना? मग मी येते की. मासेमारी बंदच असते." जणू गणपतीपुळ्याला निघाली आहे. मी म्हटलं, सतरा-अठरा तासांचं विमान आहे. ती म्हणाली, "बसायचंच आहे ना? उभं राहायचं असतं तर विचार केला असता." पहाटे चारपासून बंदरावर उभी राहून मासे विकणारी बाई. तिचं म्हणणं तिच्या जागी ठीक.

बॅगा उचलायला होईल.

१८ डिसेंबर

थंडीचा सराव. मीच शोधून काढलेली पद्धत. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात यमुनेची ओळख आहे. त्यांच्या बर्फाच्या खोलीत रोज अर्धा तास बसायचं, म्हणजे जूनपर्यंत शरीर तयार.

आज पहिला दिवस. स्वेटर, शाल, कानटोपी, वर बाबूचा रेनकोट. चार मिनिटं झाली. वेळ कमी वाटेल, पण अलास्कात कुणी बर्फाच्या लाद्यांमध्ये स्टुलावर बसून राहत नाही, हे चौथ्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं. सरावच चुकीचा होता.

यमुना आत उभी राहून अनवाणी गप्पा मारत होती. साडी खोचलेली, हाताने बर्फाचा चुरा बाजूला करत. बाहेर आल्यावर म्हणाली, "वन्सं, तुमचे ओठ जांभळे झालेत." मी म्हटलं, लिपस्टिक आहे.

२७ डिसेंबर

सर्दी. संकल्प सर्दी उतरल्यावर.

९ जानेवारी

यमुनेला इंग्रजी शिकवणं सुरू. व्हिसाच्या मुलाखतीला तिची फजिती झाली तर माझंही नाव खराब होईल. आय ॲम अ विडो. आय सेल फिश. माय सन हॅज अ बोट. तिला 'विडो' आवडत नाही. म्हणते, "ते कशाला सांगायचं आधी? आधी मासळी सांगते."

१६ जानेवारी

तिला तीन वाक्यं येतात. चौथ्याला म्हणाली, "पुरे, एवढ्यात होतं माझं." मी तिला म्हटलं, भाषा म्हणजे खिडकी असते. ती म्हणाली, "खिडकी बंद असली तर दारातून जाईन."

हिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

३ फेब्रुवारी

छत्तीस वर्षं बंदर खात्यात काढली, त्यातली एकोणीस हेडक्लार्क म्हणून. नौकांचे परवाने, नूतनीकरण, नोंदी. अपुरा अर्ज माझ्या टेबलावरून पुढे गेलेला नाही. व्हिसाचा अर्ज मी दोघींचाही एका बैठकीत भरला. हेतल बघतच राहिली. ती म्हणाली, "मॅडम, मुलाखतीत थोडं घरचं सांगा हां. घर, माणसं, शेतीवाडी." म्हटलं, मुलाखत कशी देतात ते मला माहीत आहे, मी मुलाखती घेतल्या आहेत.

१६ फेब्रुवारी

यमुनेचा हट्ट, कौल घ्यायचा. समुद्र ओलांडायचा तर गावदेवीला विचारल्याशिवाय नाही. मी म्हटलं, विमानाने जायचं आहे, समुद्राला पायसुद्धा लागणार नाही. ती म्हणाली, "खाली तर समुद्रच असणार ना?"

गेले. केवळ सोबत म्हणून. देवळात गुरव गुरुप्रसाद बसला होता. त्याने देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याने गाऱ्हाणं घातलं आणि यमुनेची उजवी पाकळी दोन मिनिटांत टपकन खाली.

मग माझं. मी विचारा म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. पंचवीस मिनिटं झाली. उजवी नाही, डावी नाही. गुरुप्रसाद म्हणाला, "देवी विचार करत्येय." मी म्हटलं, पाकळ्या जास्त ओल्या लावल्या आहेत, दुसरं काही नाही. तो तेलात वात सारायला वळला तेव्हा मी किंचित पुढे वाकले. मला दम्याचा त्रास नाही, पण त्या क्षणी श्वास थोडा जोरात सुटला. उजवी पडली.

कॉन्व्हेंटच्या मुलीने असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. होकार मिळाला हे मात्र बरं झालं.

११ मार्च

मुलाखतीची तारीख आली. आठ एप्रिल, मुंबई.

सध्या रोज संध्याकाळी बोलण्याचा सराव करते. आरशासमोर. उच्चार अजून शाबूत आहेत. नम्रता भिंतीपलीकडून म्हणाली, "आत्या, कुणाशी भांडताय?"

चालणं बंद आहे. आवाजाला विश्रांती हवी.

८ एप्रिल

लिहीत नाही.

९ एप्रिल, परतीच्या गाडीत

लिहिते. नोंद असावी.

रांग दोन तास. यमुना वाटेत तीन बायकांशी बोलली, त्यातल्या एकीने तिला लाडू दिला. मी कुणाशी बोलले नाही. शेजारशेजारच्या खिडक्या मिळाल्या. माझ्या खिडकीत तिशीतला गोरा मुलगा. मी त्याला गुड मॉर्निंग म्हटलं. इंग्रजी ऐकून तो खूश झाला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

विचारलं, अलास्काच का? मी त्याला नकाशा सांगितला, सिस्टर सांगितल्या, सव्वासात लाखांचा आकडा सांगितला. त्याने आकडा तपासला नाही. विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हटलं, नोबडी. नोकरी? रिटायर्ड. सोबत कोण? भावाची बायको, ती त्या खिडकीत. परत कशासाठी यायचं आहे तुम्हाला?

या प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती, कारण तो मूर्खपणाचा होता. तरी मी पूर्ण वाक्यात, स्पष्ट उच्चारात उत्तर दिलं. यंग मॅन, देअर इज नथिंग व्हॉटसोएव्हर टू होल्ड मी इन रत्नागिरी. माझ्या मनात स्वातंत्र्य होतं. चाकरी नाही, जबाबदारी नाही, पूर्ण मोकळी प्रवासी, यापेक्षा चांगला पर्यटक त्यांना कुठे मिळणार?

तो माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. वाईट वाटल्यासारखा. मग पासपोर्ट परत दिला आणि एक छापील कागद.

पलीकडच्या खिडकीत यमुनेसाठी मराठी बोलणारी बाई आली होती. काय विचारलं ते ऐकू आलं नाही, कारण यमुनेचं उत्तर सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "येऊ नको तर काय करू? एक ऑगस्टला तारवं सुटतात. नारळी पौर्णिमेला नारळ कोण सोडणार, तुम्ही? सून सात महिन्यांची गरोदर असेल तेव्हा. घर कोणाच्या भरवशावर टाकू?" दुभाषी बाई हसली. साहेबही हसला. पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे तिचा व्हिसा मंजूर.

नम्रता गरोदर आहे हे मला खिडकीतून कळलं.

संगमेश्वर गेल्यावर यमुना म्हणाली, "वन्सं, तुम्ही फुंकर मारलीत ना, ती मी बघितली होती."

१२ एप्रिल

छापील कागद चार वेळा वाचला. भाषा वाईट नाही. कारण मात्र एकही दिलेलं नाही, फक्त कलम. आमच्या वेळी आम्ही निदान पेनाने दोन शब्द लिहायचो. 'कागदपत्रे अपुरी.'

माझी अपुरी नव्हती.

१९ एप्रिल

हेतलकडे गेले, जाब विचारायला. तिने हळूच समजावलं. ते लोक असं बघतात म्हणे, की माणूस परत येईल का. परत यावंसं वाटेल असं इथे त्याचं काय आहे. "मॅडम, तुमचं घर आहे, कलमं आहेत, यमुनाबाईंचं कुटुंब आहे. ते सांगायचं होतं." म्हटलं, मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "खरं सांगितलंत, पण सगळं नाही सांगितलंत." तिच्या टेबलावर कुलदेवीचा फोटो, मुलाचं सर्टिफिकेट, नवऱ्याचा डबा. असल्या टेबलावरून बोलणं सोपं असतं.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. करणार. हे काही अपयश नाही, तारीख पुढे ढकलली आहे.

२८ एप्रिल

गेल्या आठवड्यात आंबा उतरवला. बाबू म्हणाला, "अजून आठ दिवस थांबलो असतो तर चाललं असतं, आत्या." अढीत निम्मा आंबट निघाला. दोष अढीचा.

६ मे

यमुना आली. पदराने हात पुसत उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "मी रद्द करते. तुमच्याशिवाय मला काय करायचंय तिकडे? जागा तुम्हाला बघायची होती." मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. म्हटलं, मूर्खपणा करू नकोस. पुढच्या वर्षी मी जाईन तेव्हा आधी कुणीतरी पाहणी केलेली बरी. मोठ्या मोहिमांत असंच असतं, आधी एक तुकडी पुढे जाते.

ती म्हणाली, "तुकडी म्हणजे मी एकटीच?"

तिला वही दिली आहे. त्यात एक्केचाळीस प्रश्न. वारा कुठल्या दिशेने. रात्री कितीपर्यंत उजेड. अस्वल किती अंतरावर. शांतता कशी, शब्दांत वर्णन करा.

ती गेली आणि मग मला वाटलं, ती अजून एकदा म्हणेल, रद्द करते म्हणून. म्हणाली नाही.

१८ जून

यमुना गेली. बाबू मुंबईपर्यंत सोडायला. पाचवारी साडी, त्याखाली सानवीने निवडलेले गुलाबी बूट, माझा स्वेटर, माझी शाल, माझी कानटोपी. बॅग तिने स्वतः उचलली.

गल्ली जमली होती. नारळ फोडला. सगळे मला विचारत होते, तुम्ही कशा नाही गेलात? म्हटलं, माझं वेगळं नियोजन आहे.

संकल्प: या तेरा दिवसांत घर शांत आहे त्याचा फायदा घ्यायचा. वाचन. लेखन. चालणं.

२१ जून

शांतता नाही. पाऊस पत्र्यावर पडतो आहे.

सांगायची गोष्ट अशी की सकाळी सात वेळा कुणी दाराशी आलं नाही. नम्रताला चढउतार नको, बाबू जाळी दुरुस्त करतो आहे. जेवायला बोलावणारी यमुनाच होती, आणि सानवीला ती पाठवायची, हे लक्षात आलं. कांदाबटाट्याची भाजी केली. भात केला. भात बंद नाही, पावसात चालतो.

२५ जून, सकाळी ११

व्हिडिओ कॉल. यमुना बसमध्ये. तिकडे रात्र, पण बाहेर लख्ख उजेड, बाजूला झाडं आणि झाडं. तिने फोन खिडकीला लावला आणि तसाच धरून ठेवला. पाच मिनिटं तरी. रस्ता नाही, खांब नाही, घर नाही. एकदा पाणी आलं, मग परत झाडं.

मग तिचा चेहरा आला. म्हणाली, "तो सगळ्यात उंच डोंगर नाही दिसला वन्सं. ढगात होता. गाईड म्हणतो तीनातल्या दोघांना दिसतच नाही. पण हे बघा ना. कोण नाही हो. कुणीच नाही." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

मी विचारलं, प्रश्न क्रमांक सात?

ती म्हणाली, "काय?" आणि रेंज गेली.

२९ जून

फोटो आला. बर्फाचा डोंगर, त्याच्यापुढे यमुना आणि तिच्या खांद्यावर हात टाकून एक चष्मेवाली बाई. हीच तिची खोलीतली सोबतीण. निशिगंधा, सांगलीची, रिटायर्ड मुख्याध्यापिका. घोरते म्हणे. तरी दोघींचं जमलं आहे. पुढच्या आंब्याला ती रत्नागिरीत येणार, यमुनेकडे उतरणार. मुक्काम आठ दिवस.

माझी कानटोपी त्या बाईच्या डोक्यावर होती.

४ जुलै

यमुना परतली. आज संध्याकाळी तिच्या ओटीवर तीस-पस्तीस माणसं. नोव्हेंबरपासून अख्ख्या गल्लीला अलास्का मी समजावून सांगते आहे, म्हणून मलाही बोलावलं. चहा करायला.

तिने सांगितलं की तिथे मासे नदीत वर चढतात आणि अस्वलं काठावर उभी राहून झेलतात. "आपल्या बंदरासारखंच. जो पुढे उभा त्याला मोठा." लोक हसून लोळले. ती म्हणाली, तिथे रात्रच होत नाही. मी दारातून दुरुस्ती केली की हे चूक आहे, त्या भागात सूर्य थोडा वेळ मावळतो, फक्त अंधार पूर्ण पडत नाही. सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. यमुना काही लागेल असं बोलली नाही, हेच वाईट. ती म्हणाली, "हां, वन्सं सांगतात ते बरोबर असेल. मी झोपलेली होते."

वही परत दिली. एक्केचाळीस प्रश्नांपैकी एकाचं उत्तर लिहिलं आहे, निशिगंधाच्या अक्षरात, यमुनेने सांगितलेलं. शांतता कशी? 'वन्सं घरात असतात आणि बोलत नाहीत तशी.'

याचा अर्थ मी अजून लावते आहे. घाईने लावायचा नाही.

१० ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा. बाबूच्या होडीची पूजा. यमुनेने नारळ सोडला. खिडकीत सांगितल्याप्रमाणे सगळं झालं. सरकारी कामात इतकं तंतोतंत पालन मी पाहिलेलं नाही.

१९ ऑगस्ट, दुपारी

पुढच्या वर्षीची तयारी सुरू. या वेळी लवकर.

हेतलने तिचा स्वतःचा फॉर्म मोबाईलवर पाठवला आहे. वकिलातीचा अर्ज भरण्याआधी आता ती सगळ्यांकडून हा भरून घेते. म्हणजे माझ्यामुळे सुरू केला, ही माझी देणगी. नाव, वय, पत्ता, पासपोर्ट, सगळं दहा मिनिटांत. रकाना चौदा: 'तुमच्यावाचून इथे काय अडेल?' पुढे लाल चांदणी. भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

प्रश्न सोपा आहे, फक्त पुरावा हवा. म्हणून सकाळपासून माहिती गोळा केली. सहज विचारते आहे असं दाखवून.

नम्रताला म्हटलं, मी पुढच्या जूनमध्ये तीन आठवडे नसले तर पंचाईत होईल ना गं, बाळ लहान असेल. ती म्हणाली, "छे हो आत्या, माझी आई येणार आहे. तुम्ही बिनघोर जा. तुमच्या कुंड्यांना पाणी मी घालेन." बाबू म्हणाला, "कलमं मी बघतो. नाहीतरी मीच बघतो." सानवीला विचारलं, इंग्रजीचा अभ्यास कोण घेईल? ती म्हणाली, टीचर व्हिडिओ पाठवतात. पेपरवाल्याने विचारलं, "तीन आठवडे बंद ठेवू की कायमचा?" पेन्शनच्या कचेरीत फोन लावला. ते म्हणाले, हयातीचा दाखला आता जगात कुठूनही मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो, इथे असण्याची गरज नाही.

शेवटी यमुना. ती सुकट निवडत होती. तिने हात थांबवला आणि खरोखर विचार केला. मी वाट बघत उभी राहिले. मग मान हलवून, अगदी मायेने म्हणाली, "नाही वन्सं. काही काही अडणार नाही. तुम्ही मन घट्ट करून जाऊन या. मी आहे ना."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या वाटेत कुणीही आडवं आलेलं नाही. चांगली सुरुवात आहे.

रकाना चौदा फारच लहान ठेवला आहे. सविस्तर लिहायला जागाच नाही. म्हणून तूर्त तिथे एक टिंब दिलं. चाललं. पुढचं पान उघडलं.